मामांचा राग नेमका कुणावर होता? सोलापुरातल्या एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्याकडे आलं ते लग्नाच्या बोलणीतून. सोलापूरच्या पूर्व भागातलं कुटुंब. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि टॉवेलचा कारखाना. मामाच्या मुलीशी भाच्याचं लग्न हे तिथं कुणी ठरवायला बसत नाही, पोरं रांगायला लागल्यापासून ते धरून चाललेलं असतं. भाच्यानं नकार दिला. कारण विचारलं तेव्हा त्यानं मामांना एकटं गाठून खरं काय ते सांगितलं: मुलींबद्दल मला ती ओढ वाटत नाही, पुरुषांबद्दल वाटते, आणि हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. त्यानंतर त्या घरात जे घडलं त्याची ही नोंद आहे. घरातल्या चौघांनी ती वाचली किंवा वाचून घेतली आणि त्यांच्या परवानगीनंच ती इथं देते आहे. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, नावं दिलेली नाहीत.

समुपदेशनाच्या कामात मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं त्याचं कारण साधं आहे. समलैंगिकतेबद्दल कोण काय म्हणेल हे आपण धर्मावरून, शिक्षणावरून नाहीतर वयावरून ओळखू पाहतो. या घरात चौघांचा देव एक, जात एक, ताटात पडणारी भाकरीही एक. तरी भाच्याबद्दल प्रत्येकाचं म्हणणं वेगळं होतं. प्रत्येकाच्या आयुष्यात आधी काय येऊन गेलं होतं, त्यावरून ते ठरलं होतं.

घर

मामा साठीला आलेले. वडील गिरणी कामगार. मामा लहानपणी शाळा सुटली की दुसऱ्याच्या मागावर कांड्या भरायला जायचे. पुढं भाड्यानं दोन माग घेतले, मग स्वतःचे चादरीचे माग, मग टेरी टॉवेल. आज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांची शेड आहे. धाकटी बहीण ऐन तरुणपणी विधवा झाली, पाच वर्षांचं पोर घेऊन माहेरी आली आणि विड्या वळून आपला खर्च आपण काढायला लागली. पोराला मात्र मामांनीच वाढवलं. सुट्टीत शेडवर नेऊन माग शिकवला, इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकायला पाठवलं. परत आल्यावर त्यानं ग्राफ पेपरवरची डिझाइनं कॉम्प्युटरवर आणली आणि जॅकार्डवर गिऱ्हाइकाचं नाव विणून द्यायचं काम सुरू केलं. त्याचं टेबल मामांच्या केबिनमध्ये, त्यांच्या टेबलाला लागून होतं.

मामांची मुलगी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, फार्मसी झालेली. ती त्याला रीतीप्रमाणं ‘बावा’ म्हणते.

भाच्यानं सांगितलं त्याच आठवड्यात त्याचं टेबल केबिनमधून पॅकिंगच्या खोलीत गेलं. मामांनी बोलणं टाकलं. जेवणाची वेळ बदलली. मग कुणाच्या तरी ओळखीनं ते त्याला दुसऱ्या शहरात एका डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथं इंजेक्शनांचा कोर्स आणि ‘मन वळवण्याचे’ उपचार करून पोरगं काही महिन्यांत लग्नाला तयार होईल, असं त्यांना सांगण्यात आलं. मुलगा एकदा गेला, परत आल्यावर दोन दिवस जेवला नाही. तेव्हा मामांची मुलगी मध्ये पडली आणि सगळ्यांना घेऊन माझ्याकडे आली. जिचं लग्न मोडलं होतं तीच सगळ्यांना धरून आणत होती. माझ्यासमोर बसल्यावर मला सगळ्यात आधी जाणवलं ते हेच.

माहितीनं काय झालं

पहिल्या भेटीत मी मामांना माहिती दिली, कारण तो डॉक्टर थांबवणं निकडीचं होतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ सालीच काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली तेच केलं. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं २०१८ साली हा आजार नाही असं जाहीरपणे सांगितलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की असा कल ‘बदलून’ देण्याचा उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी अशा संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, कोर्टानं गुन्हा नाही म्हटलं म्हणून मला पटलं पाहिजे असं आहे का?”

त्यांचं बरोबर होतं. कोर्ट शिक्षा काढू शकतं, किळस काढू शकत नाही. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप या दोन अभ्यासकांनी जगभरातले ५१५ अभ्यास एकत्र करून २००६ साली दाखवलं की वेगळ्या गटातल्या माणसांशी संबंध आला की पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, आणि सगळ्या गटांमध्ये हा परिणाम सर्वांत ठळक दिसला तो समलैंगिक व्यक्तींच्या बाबतीत. दोनच वर्षांनी त्यांनी पुढचा प्रश्न घेतला: हे नेमकं कशामुळं होतं? माहिती वाढते म्हणून, भीती कमी होते म्हणून, की समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवता येतं म्हणून? तिन्हीचा वाटा निघाला, पण माहितीचा सगळ्यात कमी. माझ्या कामात मला हे रोज दिसतं. माहितीपत्रक वाचून माणूस वाद घालायचा थांबतो, घाबरायचा थांबत नाही.

त्या दिवशी मामा एकाच गोष्टीपाशी थबकले. मी त्यांना मद्रास उच्च न्यायालयातल्या २०२१ सालच्या खटल्याबद्दल सांगत होते. मदुराईहून चेन्नईला पळून आलेल्या दोन मुलींनी संरक्षण मागितलं होतं. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकालाआधी मोकळेपणानं नोंदवलं की आपल्यालाही हा विषय पुरता उमगलेला नाही, आणि समजून घेण्यासाठी ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले. त्यानंतर ७ जूनला त्यांनी जो आदेश दिला त्यात असे ‘बरे करण्याचे’ उपचार बंद करण्याचे निर्देश होते.

“जज्जसाहेब स्वतः जाऊन बसले?” मामांनी दोनदा विचारलं. पुढच्या भेटीला ते एकटे आले.

आई आणि जोगवा

मामांकडे येण्याआधी आईबद्दल लिहायला हवं, कारण नुसती ओळख असून भागत नाही हे मला त्यांच्याकडून कळलं.

भाच्यानं सांगितल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे आता हा साडी नेसणार?” त्यामागं त्यांचं सगळं जग होतं. सोलापुरात मंगळवारी, शुक्रवारी दारात जोगते येतात, यल्लमा देवीला वाहिलेले, साडी नेसणारे पुरुष. डोक्यावर यल्लमाचा जग (टोपलीत बसवलेली देवी), हातात परडी, कपाळभर भंडारा. आईनं लहानपणापासून त्यांना पाहिलं आहे, सौंदत्तीला जाताना त्यांच्यासोबत एका गाडीत बसल्या आहेत. त्यांच्याबद्दल वाईट शब्द त्या काढत नाहीत. उलट पोराचं ऐकून त्यांना वाटलं, देवीचंच काही राहिलं असेल, नवस फेडायचा चुकला असेल.

मी त्यांना विचारलं, जोगवा वाढून झाल्यावर कधी त्यांना ओट्यावर बसवलं का? पाणी दिलं का? नाव विचारलं का? आई विचारात पडल्या. “हात जोडतो की आम्ही. बसवत मात्र नाही.”

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलं होतं की माणसं एकमेकांना भेटली म्हणजे पूर्वग्रह आपोआप गळत नाही. भेट बरोबरीच्या नात्यानं व्हावी लागते, दोघांचं काम एक असावं लागतं, ते हातात हात घालून करावं लागतं, आणि ज्यांचा शब्द चालतो त्या माणसांचा किंवा संस्थांचा त्याला आधार लागतो. आईच्या आयुष्यभराच्या ओळखीत यातलं काही नव्हतं. होती ती भक्ती आणि तिच्या पोटात भीती. उंबऱ्याच्या बाहेरची व्यक्ती त्यांना परिचयाची होती, उंबऱ्याच्या आत असं कुणी असू शकतं हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. आपल्याकडे ‘आमच्या संस्कृतीत सगळ्यांना जागा होती’ असं सहज म्हटलं जातं. जागा होती हे खरं. ती कुठं होती हेही सांगायला हवं.

शिवाय जोगत्यांचा प्रश्न वेगळा आणि त्यांच्या मुलाचा वेगळा. आपण स्त्री आहोत की पुरुष हे आतून वाटणं एक, आणि आपल्याला कुणाची ओढ वाटते हे दुसरं. त्यांचा मुलगा पुरुष आहे, त्याला पुरुषच राहायचं आहे. हे मी सांगून त्यांना फारसं उमगलं नाही. उमगलं ते एका नावानं.

लातूरकडचा एक मुलगा चार वर्षांपासून गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, त्यांच्या घरी येत होता. भाच्याचा इचलकरंजीतला मित्र. संक्रांतीला आला की दोन दिवस राहायचा, नंदीध्वजांची मिरवणूक बघायचा, होम मैदानावर फिरायचा, जाताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्यायचा. एका बैठकीत भाच्यानं आईला सांगितलं की तोच.

आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तो? तो तर माझ्यासंगं शेंगा सोलायला बसायचा.”

या वाक्यात आरोप नव्हता. त्या जुन्या आठवणी नव्यानं लावून बघत होत्या. चार वर्षं ज्याला वाढलं, ज्याच्या तापाला काढा करून दिला, त्याच्याबद्दल आता काय वाटून घ्यायचं? किळस आणायची तर ती त्या शेंगा सोलणाऱ्या हातांची आणावी लागणार, आणि तेवढं त्यांना जमेना.

न्यायाच्या इतिहासात याची उलटी बाजू दाखवणारी एक घटना आहे. १९८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बॉवर्स विरुद्ध हार्डविक या खटल्यात समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी टिकला. काठावर असलेले न्यायमूर्ती लुइस पॉवेल आपल्या कार्यालयातल्या तरुण सहायकाला म्हणाले होते की मी आजवर एकाही समलैंगिक माणसाला भेटलेलो नाही. तो सहायक स्वतः समलैंगिक होता. तो बोलला नाही. पॉवेल यांनी कायद्याच्या बाजूनं मत दिलं. निवृत्तीनंतर, १९९० साली, त्यांनी कबूल केलं की ते मत बहुधा चुकलं. त्या सहायकाला मी दोष देत नाही. बोलण्याची किंमत काय असते हे ज्याला मोजावी लागते त्यालाच माहीत. पण आपल्यापैकी बहुतेकांची अवस्था पॉवेल यांच्यासारखीच असते, भेटलेलो असतो, ठाऊक नसतं.

मुलीला आधी का सांगितलं

मामांच्या मुलीला हे दोन वर्षं आधीपासून माहीत होतं. भाच्यानं स्वतः सांगितलं होतं, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी. तिला धक्का बसला नाही का, असं मी विचारलं. “बसला की. मला त्याच्याशीच लग्न करायचं होतं, मॅडम.” ती रडली, आठवडाभर बोलली नाही, मग परत बोलायला लागली.

ग्रेगरी हेरेक आणि जॉन कॅपिटानिओ यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत दिसलं होतं की ज्यांच्या ओळखीत समलैंगिक माणसं आहेत त्यांची मतं जास्त मोकळी असतात, आणि नातं जवळचं असेल, त्या व्यक्तीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं असेल तर आणखी. कुणाकडून तरी कानावर येणं आणि समोर बसून विश्वासानं सांगितलं जाणं यात फरक पडतो. मामांच्या मुलीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी होत्या. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट होती जी सांगायची बऱ्याचदा राहून जाते: हे उलटंही चालतं. ज्यांची मतं आधीच मोकळी, त्यांना लोक विश्वासानं सांगतात. मी भाच्याला विचारलं, हिलाच आधी का? त्याचं उत्तर तयार होतं. एका लग्नात चुलत भाऊ एका बायकी चालीच्या वाढप्याची नक्कल करत होते, सगळे हसत होते, आणि ही तेवढी म्हणाली, “बास की आता, त्यानं तुमचं काय खाल्लंय?” ते वाक्य त्यानं सात-आठ वर्षं जपून ठेवलं होतं. त्यामुळं ‘अनुभवानं मत बदलतं’ असं सरळ म्हणताना मी थोडी थांबते. मामांच्या मुलीला तो अनुभव मिळाला कारण तिनं आधी एक दार उघडं ठेवलं होतं.

मामा

एकटे आले त्या दिवशी मामा मुद्द्यावर यायला तयार नव्हते. सुताचे भाव, वीजबिल, कामगार मिळत नाहीत. मग अचानक म्हणाले, “ही माणसं मला माहीत आहेत. पुस्तकातलं नका सांगू मला.”

मी विचारलं, कशी माहीत आहेत?

बराच वेळ गेला. ते उठून खिडकीपाशी गेले आणि तिथूनच, माझ्याकडे पाठ करून बोलले. अकरा-बारा वर्षांचे असताना ज्या मागावर ते कांड्या भरायला जायचे, तिथल्या एका मोठ्या माणसानं रात्रपाळीत त्यांच्यावर अत्याचार केले होते. एकदा नाही, बरेच महिने. घरी सांगितलं तर काम जाणार होतं, आणि कामाशिवाय चूल पेटत नव्हती. जवळपास पन्नास वर्षांत हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

मी ऐकत होते आणि मला वाटत होतं की आता त्यांचा राग समजला. त्यांच्या माहितीतला पुरुषाकडे ओढा असलेला एकमेव पुरुष हा तो होता. २०१२ साली फियोना बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत वंश आणि धर्माच्या संदर्भात केलेल्या अभ्यासात दिसलं की चांगल्या भेटीनं पूर्वग्रह जितका कमी होतो त्यापेक्षा वाईट भेटीनं तो जास्त वाढतो. इथं तर ती भेट नव्हतीच, गुन्हा होता.

पण मामांचं बोलणं संपलं नव्हतं. ते खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, “पोराला मीच शेडवर वाढवलं. दहावीच्या सुट्टीत रात्री तिथंच झोपायचा, सुताच्या पोत्यांवर. माझं लक्ष नव्हतं, मॅडम. माझ्याशी झालं तसंच कुणीतरी त्याच्याशी केलं असणार. नाहीतर असा कसा झाला असता तो?”

इतके महिने ज्याला आम्ही सगळे किळस समजत होतो, तो त्यांचा स्वतःवरचा राग होता. भाच्याकडे बघितलं की त्यांना आपला नाकर्तेपणा दिसायचा. डॉक्टरकडे नेणं ही त्यांच्या लेखी भरपाई होती: मी सांभाळलं नाही, निदान आता बरा तरी करून देतो.

यातली गाठ मी त्यांच्यासोबत सावकाश सोडवली. लहान मुलावर हात टाकणारा माणूस मुलाच्या असहायतेचा फायदा घेतो. तो बहुतेक वेळा ओळखीतला असतो. मामांना छळणारा माणूस चार पोरांचा बाप होता, हे त्यांनीच सांगितलं. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांच्या मर्जीनं जवळ येणं याचा त्या गुन्ह्याशी संबंध नाही. अत्याचारामुळं माणूस समलैंगिक होतो याला शास्त्राचा आधार नाही. मामा स्वतःच त्याचं उदाहरण समोर बसले होते, हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर ते चमकले. पन्नास वर्षांत त्यांनी हा साधा विचार केला नव्हता, कारण त्या आठवणीच्या जवळ जायची त्यांची हिंमतच झाली नव्हती. मुलग्यांवरही असा अत्याचार होतो आणि तो तितकाच मोठा गुन्हा आहे, हे आपल्या कायद्यात स्वच्छ शब्दांत यायला २०१२ सालचा पोक्सो कायदा यावा लागला. १९७० च्या दशकातल्या कांड्या भरणाऱ्या पोराला हे सांगणारं कुणी नव्हतं.

पुढच्या बैठकीत भाचा सोबत होता. मामांनी मान खाली घालून विचारलं, “शेडवर तुला कुणी काही केलं होतं का रे?”

“नाही मामा. कुणीच नाही. तुम्ही होता की तिथं.”

इंजेक्शनवाल्या डॉक्टरचं नाव त्यानंतर निघालं नाही. स्वतःची गोष्ट मामांनी भाच्याला पुढं केव्हातरी घरीच सांगितली. मी तसं सुचवलेलं नव्हतं. आणि हे लिहायला परवानगी देताना म्हणाले, “मागावर पोरं अजून राहतात. लिहा तुम्ही.”

एक बाणा कमी

एवढं होऊनही टेबल पॅकिंगच्या खोलीतच होतं. मन हललं म्हणून वागणं लगेच हलत नाही. वागणं हललं ते एका खराब मालामुळं.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याची हॉटेलच्या टॉवेलची ऑर्डर होती, गोटात (काठाच्या सपाट पट्ट्यात) नाव विणलेलं. धुलाईनंतर गोटाच्या कडेचे लूप सुटायला लागले. जॉबरनं ताण बघितला, बीम बघितला, काही सापडेना. रात्री अकराला मामांनी भाच्याला फोन केला, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. टेरीत दोन ताणे (उभे धागे) असतात, एक जमिनीचा, एक लूपचा, आणि बाण्याचे, म्हणजे आडवे, तीन धागे मिळून लूपची एक ओळ उभी राहते. भाच्यानं पिक ग्लास (धागे मोजायचं भिंग) लावून धागे मोजले, सुईनं एकेक बाणा काढून मामांच्या तळहातावर ठेवत गेला. गोट संपून लूप सुरू होतात तिथं त्याच्याच फाईलमध्ये एक बाणा कमी पडला होता. त्यामुळं पहिली ओळ धरलीच जात नव्हती. त्यानं तिथंच फाईल दुरुस्त केली, माग चालवला, दोघांनी पहाटेपर्यंत उभं राहून नवा नमुना काढला. बोलणं फक्त मागाचं. पहाटे मामांनी दोन चहा मागवले.

सकाळी टेबल केबिनमध्ये परत आलं होतं.

ऑलपोर्टच्या पहिल्या तीन अटी त्या रात्री शेडमध्ये पुऱ्या झाल्या: मागापुढं दोघं बरोबरीचे, माल वाचवायचा हे काम एक, आणि एकमेकांवाचून ते होणार नव्हतं. माझ्या खोलीत बसून मला हे घडवता आलं नसतं. माझं काम तिथवर पोचायची वाट मोकळी करण्याचं होतं. भीती निवळलेली नसती तर मामांनी तो फोन केला नसता, नुकसान सोसलं असतं.

राहिलेलं

चौथी अट, ज्यांचा शब्द चालतो त्यांचा आधार, ती मात्र या घराला मिळालेली नाही. समाजाच्या बैठकीत हा विषय काढील असा एकही वडीलधारा मामांच्या डोळ्यांपुढं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो प्रश्न संसदेवर सोपवला. त्यामुळं मामांचा बदल घराच्या भिंतींपर्यंत येऊन थांबला आहे, आणि त्यासाठी त्यांना एकट्याला जबाबदार धरणं मला पटत नाही.

मला न पटलेली गोष्ट दुसरी आहे. लग्न का मोडलं असं नातेवाइकांनी विचारलं तेव्हा मुलीनं “मलाच नको होतं” असं सांगून सगळं स्वतःवर घेतलं. वर्षभर तिला गर्विष्ठ म्हटलं गेलं, एक-दोन स्थळं त्यावरून परत गेली. भाच्याचं गुपित राखायलाच हवं होतं, पण त्याचं ओझं एकट्या मुलीनं का वाहायचं? हे मी मामांना आणि भाच्याला दोघांनाही स्पष्ट सांगितलं. आता घरातून “दोघांनी मिळून ठरवलं, दोघांची मर्जी नव्हती” असं सांगितलं जातं. मामा ते स्वतः सांगतात. 

आईला एकाच गोष्टीची काळजी आहे: म्हातारपणी याला कोण? यावर मी त्यांना धीराचे शब्द दिले नाहीत, कागद दाखवले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना त्या खात्याचे नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नाही. मृत्युपत्र करता येतं. दवाखान्यात सही कुणाची चालेल, घर कुणाच्या नावावर, हे प्रश्न मात्र लग्नाच्या कागदाशिवाय एकेक करून सोडवावे लागणार आहेत.

मामा अजून माझ्याकडे येतात, आता स्वतःसाठी. त्यांच्या शेडवर रात्रपाळीला अठराच्या आतलं पोर थांबत नाही आणि दारामागं चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर ऑइलपेंटनं लिहिलेला आहे.

मुलीचं लग्न येत्या वैशाखात आहे. लातूरकडच्या मित्राला पत्रिका द्यायची यावर घरात एकमत आहे, पण मांडवात त्याची ओळख काय म्हणून करून द्यायची यावर नाही. मामा म्हणतात, भाच्याचा मित्र म्हणायचं आणि जेवायला पहिल्या पंगतीला बसवायचं. आईला ते पुरेसं वाटतं. भाच्याला चालतं. मित्राला चालत नाही, आणि तो येणार की नाही हे त्यानं अजून कळवलेलं नाही.